आठ वीसला आग उठली

थोया न्गोवांना गावात दोन नावं होती. तोंडावर सगळे 'रॉकेटवाले काका' म्हणत आणि पाठ वळली की 'थापाडे काका'. दोन्ही नावांना आता पन्नास वर्षं होत आली होती.

मालिंदीच्या उत्तरेला, किनाऱ्यावरून जेमतेम दिसेल अशा अंतरावर, समुद्रात लोखंडी पायांचे दोन तळ उभे होते. त्यातल्या एकावरून परदेशी साहेबांनी आकाशात यान सोडलं, आणि त्या वेळी दुसऱ्या तळावर आम्ही चौदा गिर्यामा जमातीची माणसं होतो, एवढंच थोया सांगत. त्यात मीठमसाला काही नव्हता. पण अंगात विटका सदरा, हातात मासळीची टोपली आणि गोष्ट मात्र आकाशाची. लोकांच्या गळी ती उतरत नसे. माडी विकणारा सफारी तर वाटेवर बसूनच विचारायचा, "काय काका, आज कुठे, चंद्रावर की बाजारात?" थोया हसत आणि पुढे जात. त्यांना राग आलेला कोणी पाहिला नव्हता.

राग यायचा तो जुम्वाला. ती त्यांची धाकटी लेक. शाळेत पोरी तिला पाहिलं की उलटे आकडे मोजायच्या, दहा, नऊ, आठ, आणि शून्याला टाळ्या पिटायच्या. पुढे ती नैरोबीला गेली, संगणकावर चित्रं हलवायला शिकली. पडद्यावर अक्षरं यावीत, रेषा धावाव्यात, घड्याळाचे काटे फिरावेत, असलं सगळं बसवायचं, हे तिचं काम. मोशन ग्राफिक्स म्हणतात त्याला. गाथोनी नावाच्या बाईच्या स्टुडिओत तिला नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती.

त्या उड्डाणाला पन्नास वर्षं होणार म्हणून सरकारी समिती नेमली गेली आणि समारंभात दाखवायची चार मिनिटांची फिल्म गाथोनीकडे आली. जुम्वा तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, हे काम मला द्या.

गाथोनीने चष्म्यावरून पाहिलं. "सहा वर्षांत तू कधी पंखा लावा म्हणून सांगितलं नाहीस. नवस बोललीयस का काही?"

जुम्वा म्हणाली, तसंच समजा.

समितीकडून आलेल्या जुन्या फोटोंत सगळे परदेशी होते. कुठे कोपऱ्यात एखादा काळा हात दोर धरलेला, एखादी पाठ. सोबतच्या पत्रात मात्र, 'थोडा स्थानिक रंग यावा' असं लिहिलेलं होतं. जुम्वा ते पत्र घेऊन दोन दिवस बसली. मग तिला घरचं अंगण आठवलं.

गिर्यामांच्या घरात माणूस गेला आणि पुढे कोणाच्या स्वप्नात येऊन 'मला थंडी वाजते' म्हणाला, की त्याच्या नावाने एक लाकडी खांब तासतात. वर गोल डोकं, अंगावर त्रिकोणांची नक्षी. तो अंगणात रोवायचा, त्याला कापड बांधायचं. थोयांच्या थोरल्या भावाचा खांब त्यांच्या अंगणात होता. रोज उजाडता थोया त्याच्या पायाशी माडीचे चार थेंब आणि चिमूटभर पीठ ठेवत, भावाला नावाने हाक मारत, आणि मगच स्वतःच्या तोंडात घास घालत. ताप असो, पाऊस असो, हा नेम कधी चुकला नाही. जुम्वाने लहानपणी विचारलं होतं, बाबा, खांबावर काकांचं नाव का नाही? तर ते म्हणाले होते, नाव लाकडावर नसतं पोरी, हाक मारणाऱ्याच्या तोंडात असतं.

तर तिने ठरवलं की फिल्ममध्ये समुद्रातून एकेक करून चौदा खांब वर यावेत. खांब वर आला की शेजारी त्या माणसाचं नाव उमटावं, आणि चौदावा उभा राहिला की मागे आग उठून यान सुटावं. सगळं मिळून बावीस सेकंद.

पण नावं हवी होती, आणि समितीच्या कागदांत ती नव्हती. ती होती थोयांच्या वहीत.

थोयांकडे त्या काळी तळावर माणसं नेणाऱ्या नावेची वही होती. कोण किती वाजता तळावर गेलं, कोण परत आलं, हे पेन्सिलीने लिहायचं. साहेब निघून गेल्यावर वही कोणी मागितली नाही म्हणून ती त्यांच्याकडेच राहिली, पत्र्याच्या पेटीत, मेणकापडात गुंडाळलेली. जुम्वा गावी गेली तेव्हा त्यांनी हात धुतले, पेटी उघडली आणि त्या दिवसाचं पान काढून वही तिच्या हाती दिली. चौदा नावं एकाखाली एक. शेवटचं त्यांचं. खाली एकच ओळ होती: 'आग उठली, आठ वीस.'

"तुमचं शेवटी का?" जुम्वाने विचारलं.

"वही लिहिणाऱ्याने स्वतःला शेवटी लिहायचं असतं. पडद्यावरही तसंच येऊ दे. वरखाली करू नकोस."

मग तिने जरा चाचरत खांबांचं सांगितलं. चौदातले अकरा जण गेले होते, त्यांचं ठीक. पण तुम्ही तिघे आहात. जिवंत माणसाचा खांब चालेल का?

थोयांनी अंगणातल्या खांबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाव शेजारी लिहिणार आहेस ना? नाव लिहिलंस की तो माणूस. नाही लिहिलंस तर मग मेलेला. तेवढं सांभाळ."

तिने शब्द दिला.

ती नैरोबीला पोचायच्या आत थोया घरोघर फिरून आले होते. काहिंदी हा त्यांचा नावेवरचा जोडीदार, बारा वर्षांपूर्वी गेलेला; त्याची बायको न्येवू हिला त्यांनी आधी सांगितलं. वहिनी, काहिंदीचं नाव येणार आहे, तिसरं. मग बाकीच्या घरी. सफारीलाही सांगितलं म्हणे. सफारी म्हणाला होता, "नाव आलं काका, तर आठवडाभर माडी फुकट. नाही आलं तर तुम्ही मला समुद्रातला पापलेट द्यायचा, चंद्रावरचा नको."

समितीला प्रत्येक गोष्टीचा पुरावा हवा होता. त्यासाठी इंग्रजीतला एक तक्ता होता: नाव, काम, कशावरून, घटनेची वेळ. जुम्वाने तो एका दुपारी भरला. एकीकडे पडद्यावर लाटा नीट हलत नव्हत्या, त्यांच्याशी तिची झटापट चालू होती. वेळेच्या रकान्यात तिने वहीत पाहून भरलं, ०८:२०, आणि तक्ता पाठवून दिला.

तिने आकडा वाचला, वेळ वाचली नाही.

किनाऱ्यावर, आणि किनाऱ्यावरच कशाला, साऱ्या देशात आया पोरांना घड्याळ शिकवतात ते उन्हावरून. सकाळी उजाडलं की दिवसाचा पहिला तास सुरू. इंग्रजी घड्याळात सात वाजतात तेव्हा घरात एक वाजलेला असतो. घरातले आठ म्हणजे इंग्रजी दुपारचे दोन. हे जुम्वाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं होतं. पण सहा वर्षं ती इंग्रजी घड्याळावर जगत होती, आणि त्या दुपारी तिचा हात सरळ आठवर गेला.

चार दिवसांनी बैठक झाली. पडद्यावर समितीचे सचिव न्देग्वा, दोन अधिकारी आणि परदेशातून बोलणारे बेर्तोल्दी. बेर्तोल्दी त्या तळाच्या जुन्या कागदपत्रांचे जाणकार, पांढऱ्या केसांचे, अतिशय सभ्य. त्यांनी आधी खांबांची मनापासून स्तुती केली. मग म्हणाले, फक्त एक अडचण आहे. यान दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी सुटलं, हे जगाला माहीत आहे. सकाळी आठ वीसला तर इंधन भरणंही सुरू झालेलं नव्हतं. ज्याने ही वही लिहिली त्याने मोठ्या प्रेमाने लिहिली असेल, पण तो तिथे हजर नसावा. ऐकून लिहिलं असावं. अशा वहीवरून चौदा नावं इतिहासात कशी घालायची?

जुम्वाने घाईघाईने सांगितलं की चूक वहीची नाही, माझी आहे; वहीतले आठ म्हणजे तुमचे दोन. उलट मिनिटही बरोबर आहे, यावरूनच कळतं की लिहिणारा तिथे होता.

बेर्तोल्दींनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला या पद्धतीची माहिती नाही," ते म्हणाले. "पण तक्त्यावर सही तुमची आहे, आणि हरकत घेतल्यावर तुम्ही वेळ सहा तासांनी सरकवताय. न्देग्वा, तुम्ही तिथले. तुम्ही सांगा."

जुम्वाने न्देग्वांच्या चौकटीकडे पाहिलं. त्या माणसाची आई सकाळी सातला 'एक वाजला, ऊठ' म्हणूनच त्याला उठवत असणार. त्या दोन अधिकाऱ्यांचीही. तिघांच्या मनगटांवर घड्याळं होती. एक अधिकारी कागद चाळू लागला.

न्देग्वा म्हणाले, "गावाकडे असं काहीतरी असतं खरं. पण सरकारी नोंदीला ते धरता यायचं नाही."

बैठक पुढच्या विषयावर गेली.

संध्याकाळी न्देग्वांचा गाथोनीला फोन आला, आणि त्यांनी जुम्वालाही फोनवर बोलावलं. आवाज अगदी घरच्यासारखा. म्हणाले, "मला काय कळत नाही का गं? वही खरी आहे. पण नावं आली की माणसं येतात. माणसं आली की त्यांना कुठे बसवायचं, मंत्र्यांच्या मागे की पुढे, पाहुण्यांशी हात कोणी मिळवायचे, आणि पन्नास वर्षं कुठे होतात म्हणून वर्तमानपत्रवाले विचारणार. खांब राहू देत. खांब सगळ्यांना आवडलेत."

फोन ठेवल्यावर गाथोनी म्हणाली, "अक्षरं काढ." मग जरा थांबून, "नाही काढलीस तर मी काढणार. तुझ्याइतकी हळुवारपणे नाही काढता येणार मला."

ज्या प्रणालीत जुम्वा काम करी, तिच्यात चित्राच्या प्रत्येक थराशेजारी एक बारीकसा डोळा असतो. डोळ्यावर टिचकी मारली की तो थर दिसेनासा होतो. पुसला जात नाही, नुसता दिसत नाही. नावांचे चौदा थर होते. तिने चौदा वेळा टिचकी मारली, वहीतल्या क्रमाने, वडिलांचं शेवटी. तिला काम सोडून देता आलं असतं. खांब तरी नीट उभे राहावेत म्हणून थांबले, असं तिने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं असं होतं की समुद्रातून वर येणारे ते खांब फार सुंदर झाले होते, आणि ते मोठ्या पडद्यावर पाहायचा तिला मोह होता. गावी फोन करून सांगायला तिच्याकडे नऊ दिवस होते. तिने केला नाही.

समारंभ किनाऱ्यावरच होता, भर दुपारी, मोठ्या मांडवात. जुम्वाला वाटलं होतं, बाबा एकटे येतील. ते भाड्याची मटाटू गाडी भरून आले. न्येवू आणि आणखी सहा विधवा, एकीची सून कडेवर पोर घेऊन, आणि चौदातला दुसरा जिवंत म्हातारा, ज्याला आता धड ऐकू येत नव्हतं. तिसऱ्याला उठवतच नव्हतं म्हणून तो घरी राहिला होता. बायका धुवट, कडक इस्त्रीचे लेसो, म्हणजे छापील सुती वस्त्रं, नेसून आल्या होत्या. थोयांनी कोट घातला होता. तो काहिंदीचा होता. न्येवूनेच आणून दिला होता, निदान कोट तरी त्याचं नाव बघेल म्हणून.

त्यांना मांडवाच्या अगदी मागच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या मिळाल्या. जुम्वा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात पडदा उजळला.

परदेशी चेहरे आले, गेले. यानाचा आराखडा रेषारेषांनी उभा राहिला. लोक चुळबुळ करत होते, पुढच्या रांगेत कोणी शहाळं पीत होतं. मग समुद्र आला. निळाकाळा, शांत. पहिला खांब पाण्यातून वर आला आणि मांडव गप्प झाला. दुसरा. तिसरा. ओला, गोल डोक्याचा, त्रिकोणांच्या नक्षीचा. न्येवू पुढे वाकली.

एकामागून एक खांब येत राहिले, तेरापर्यंत. चौदाव्याच्या जागी, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, समितीचं गोल बोधचिन्ह होतं. ते जुम्वाने घातलं नव्हतं. तिच्या हातून फिल्म गेल्यावर कोणीतरी शेवटच्या क्षणी चिकटवलं होतं. त्याच्या कडेने लाकडाची बोटभर किनार दिसली न दिसली, तोच मागे आग उठली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्री उठून उभे राहिले.

टाळ्या विरल्यावर न्येवू हळूच म्हणाली, "भावोजी, काहिंदी कुठंय? मला वाचता येत नाही, पण अक्षरं आली तर दिसतात तरी. काहीच कसं आलं नाही?"

बाकीच्या बायकाही वळल्या. जुम्वाने बोलायला तोंड उघडलं.

थोया म्हणाले, "वहिनी, खांबावर कधी अक्षरं असतात का? आपल्या अंगणातल्या खांबावर आहेत? ज्याचा त्याला कळतो. तिसरा काहिंदीचा. पाहिलास ना, वर येताना किती ताठ होता?"

"तिसरा," न्येवू म्हणाली. तिने लेसोच्या पदराने डोळे टिपले. "होता खरा ताठ."

मग प्रत्येकीने विचारलं आणि थोयांनी प्रत्येकीला सांगितलं. पाचवा तुझा, नववा तुझा, अकरावा तुझ्या सासऱ्याचा. वहीतल्या क्रमाने, एकही चुकला नाही. बहिऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं की तू सातवा. तो बोळक्या तोंडाने हसला. चौदाव्याबद्दल कोणी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर बायका गात होत्या. थोया पुढे चालकाशेजारी बसले होते आणि जुम्वाला फक्त त्यांची मान दिसत होती. काहिंदीचा कोट त्यांनी काढून, घडी करून मांडीवर ठेवला होता.

गावच्या फाट्यावर गाडी रिकामी झाली. सफारी त्याच्या नेहमीच्या जागी होता, नारळाच्या झाडाखाली, समोर माडीचा डबा. त्याने दुरूनच हात वर केला. "या रॉकेटवाले काका! मी पेले धुऊन ठेवलेत बरं का. आलं का नाव?"

थोया थांबले. "मी तिथं नव्हतोच, सफारी."

सफारी हसायच्या तयारीत होता, ते हसू तिथेच राहिलं. "म्हणजे?"

"तेरा जण होते. सरकारने मोजून दाखवले. मी नव्हतो."

"असं काय बोलता, काका?" सफारी उठून उभा राहिला. त्याने जुम्वाकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे. "माझा बाप सांगायचा की त्या दिवशी तुम्ही परत आलात तेव्हा आठ दिवस कानाला हात लावून फिरत होतात, ऐकू येत नव्हतं तुम्हाला. मी आपली मस्करी करतो. मस्करीच करतो ना मी?"

"कर की," थोया म्हणाले. "पापलेट उद्या आणून देतो."

घरी अंगणात आल्यावर जुम्वाने पिशवीतून मेणकापडाची गुंडाळी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. चूक कुठे झाली, तक्त्यात काय भरलं गेलं, न्देग्वा काय म्हणाले, चौदा टिचक्या, नऊ दिवस, सगळं तिने सांगितलं. काही लपवलं नाही. थोयांनी ऐकून घेतलं. वही घेतली नाही.

"तुझ्याकडेच असू दे. तिच्यातली वेळ चुकलेली आहे म्हणतात ना."

"बाबा, वेळ बरोबर होती. मी चुकले."

"पन्नास वर्षं मी खरं बोललो, पोरी, तेव्हा कोणाला पटलं नाही. आज दोनदा खोटं बोललो. एकदा वहिनीशी, एकदा सफारीशी. पहिलं तिला लगेच पटलं. आणि दुसरं खोटं ऐकून त्याला माझं खरं पटलं." त्यांनी भावाच्या खांबावर हात ठेवला, जसा माणसाच्या खांद्यावर ठेवतात. "कशाला गं एवढा खटाटोप केलास?"

ऊन उतरलं होतं, समुद्राकडून वारा सुटला होता. थोयांनी कोट दोरीवर टाकला, उद्या वहिनीला परत द्यायचा म्हणून. मग पाठमोरे असतानाच विचारलं, "किती वाजले?"

तिने फोन पाहिला. पाच चाळीस होते, म्हणजे घरचे अकरा चाळीस. सहा तास मनातल्या मनात वजा करायला आणि ओठांवर उत्तर आणायला तिला एक क्षण लागला.

तो क्षण त्यांच्या ध्यानात आला.

"राहू दे," थोया म्हणाले, आणि घरात गेले.